न उघडणारं दार

इजिप्तच्या साहुरे राजाच्या दरबारी निआंखसेखमेत नावाचा मुख्य वैद्य होता. काळ इसवी सनापूर्वी २४८० च्या आसपासचा. गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहून तेव्हा शतक होत आलं होतं. राजाची तब्येत ज्याच्या हातात, त्या माणसाने एके दिवशी राजापुढे मागणं मांडलं. जमीन मागितली नाही, सोनं मागितलं नाही. माझ्या थडग्यासाठी एक दगडी दार द्यावं, एवढंच तो म्हणाला.

राजाने एकाऐवजी दोन दिली. नाईलपलीकडच्या तुराच्या खाणीतला पांढराशुभ्र चुनखडी दगड आला आणि तो थेट राजवाड्याच्या दालनात ठेवला गेला. मेम्फिस या राजधानीचे दोन प्रमुख पुरोहित देखरेखीला, कारागीर राजाच्या डोळ्यांदेखत छिन्नी चालवताहेत आणि काम कुठवर आलं याची रोज पाहणी होतेय, असा सगळा थाट. शेवटी त्यावर निळा रंगही चढवला गेला. हे आपल्याला कळतं, कारण वैद्यबुवांनी ही हकिकत थडग्यातल्या दगडावर सविस्तर कोरून ठेवली. राजाची मर्जी आपल्यावर किती आहे हे सांगायची संधी कोण सोडेल?

ही दारं मात्र कधीच उघडली नाहीत. त्यांना बिजागरी नव्हती, कडी-कोयंडा नव्हता, मागे खोलीही नव्हती. घन दगडात दाराचा आकार कोरलेला, बस. मग मुख्य वैद्याने असल्या दारासाठी राजाकडे शब्द का टाकावा?

पुरातत्त्वाच्या पुस्तकांत या वस्तूला ‘फॉल्स डोअर’ म्हणतात. मराठीत खोटं दार किंवा आभासी दार म्हणता येईल. नाव सोयीचं आहे, पण ते आपण दिलेलं आहे. इजिप्तच्या शिलालेखांत यासाठी जो शब्द येतो तो अभ्यासक ‘रुत’ असा वाचतात, आणि त्याचा अर्थ सरळ दार, दरवाजा असाच आहे. त्यात खोटेपणाचा वासही नाही. ज्यांनी ते बसवलं त्यांच्या हिशेबी अख्ख्या थडग्यात खऱ्या कामाचं दार हेच. आपण ज्यातून आत शिरतो ते लाकडी दार फक्त जिवंत माणसांच्या येण्याजाण्यासाठी.

एक गैरसमज आधीच बाजूला सारू. ‘चोरांना चकवण्यासाठी खोटी दारं करत’ हे वाक्य इंटरनेटवर आणि पर्यटकांच्या तोंडी सर्रास सापडतं. ते पटत नाही. ज्याला चोरापासून काही लपवायचं आहे तो घरातल्या सगळ्यांत मोक्याच्या भिंतीवर, रंगवून, स्वतःचं नाव आणि हुद्दे कोरून दार कशाला दाखवेल? प्रेत तर या दारामागे नसायचंच. ते असायचं जमिनीखाली खोल, उभ्या विहिरीसारख्या खड्ड्याच्या तळाशी, आणि दफन झालं की तो खड्डा दगडमातीने बुजवून टाकत. चोरांनाही हे पक्कं ठाऊक होतं. ते खड्डेच उकरत किंवा बोगदा खणत. परग्रहावरच्या मंडळींची ये-जा या दारातून होत असे, असं सांगणारे व्हिडिओही आहेत. त्यांच्याबद्दल काही लिहीत बसत नाही.

थडग्याची रचना डोळ्यांपुढे आणली की बाकीचं सोपं होतं. जुन्या राज्याच्या काळात, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनापूर्वी २७०० ते २२००, राजे पिरॅमिडमध्ये पुरले जात आणि मोठे अधिकारी मस्तब्यात. मस्तबा म्हणजे अरबीत बाक. खेड्यातल्या घराबाहेर बसायला मातीचा ओटा असतो तशी लांबट, सपाट माथ्याची, किंचित कललेल्या भिंतींची ही इमारत दिसते, म्हणून खोदकामावरच्या मजुरांनी दिलेलं ते नाव. हिचे दोन भाग. खाली दफनाची खोली, कायमची बंद. वर पूजेची खोली, लोकांसाठी उघडी. या दोहोंत जाण्यायेण्याची वाट नाही. वरच्या खोलीत नातेवाईक, पुरोहित अन्नपाणी घेऊन येणार. ज्याच्यासाठी ते आणलं तो खाली अंधारात. ही गाठ कुठे पडायची? वरच्या खोलीच्या पश्चिम भिंतीवरच्या त्या दगडी दारापाशी.

पश्चिम का, तर सूर्य तिथे मावळतो. इजिप्तमध्ये मेलेल्यांना ‘पश्चिमेकडचे’ म्हणायचीच रीत होती आणि ओसायरिस देवाची एक पदवी ‘पश्चिमेकडच्यांचा अग्रणी’ अशी होती. दारासमोर उभा राहणारा माणूस पश्चिमेकडे, मृतांच्या देशाकडे तोंड करून उभा असे. दारातून बाहेर येणाऱ्याचं तोंड आपोआप पूर्वेला, उगवत्या सूर्याकडे.

पण बाहेर येणारा कोण? प्रेत तर उठून येत नाही. इथे ‘का’ ही कल्पना लागते. आत्मा या आपल्या शब्दाने तिचं भाषांतर करायचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. इजिप्शियनांच्या मते माणसात एकाहून अधिक अंश असतात. ‘बा’ हा त्यातला हिंडणारा अंश, तो माणसाचं डोकं असलेल्या पक्ष्यासारखा दाखवतात. ‘का’ ही जीवनशक्ती, माणसाबरोबरच जन्मलेली त्याची जोडीदार. चित्रलिपीत ‘का’ लिहितात तो वर उचललेल्या दोन हातांनी. मरणाला ते ‘आपल्या का-कडे जाणं’ म्हणत. आणि या का-ला भूक लागते. किंबहुना ‘का’ या शब्दाचंच अनेकवचन अन्न, पोषण या अर्थाने येतं. अन्न बंद झालं की का उपाशी, आणि का उपाशी राहिला तर माणूस दुसऱ्यांदा, कायमचा संपला. पितरांसाठी पान वाढून बाजूला ठेवणाऱ्या समाजाला ही कल्पना समजायला जड जाऊ नये. आपलं पान तिथीला वाढलं जातं, त्यांच्या मनात मात्र रोजच्या जेवणाची सोय होती.

आता त्या दाराकडे जवळून बघू. आपली जुनी देवळं पाहायची सवय असलेल्यांना एक गोष्ट लगेच ओळखीची वाटेल: एकात एक बसवलेल्या द्वारशाखा. खोट्या दारातही मधोमध एक अगदी अरुंद, उभी खाच असते, हात जेमतेम जाईल एवढी. तिच्या दोन्ही बाजूंना आतली शाखा, मग बाहेरची, कधी तिसरीही. प्रत्येक शाखेवर चित्रलिपीच्या उभ्या ओळी आणि तळाशी खाचेकडे तोंड करून उभी असलेली मालकाची छोटी आकृती. खाचेच्या वरच्या टोकाला आडवा, गोल, लाटण्यासारखा दगड दिसतो. पाहणारे त्याच्यावरून नजर काढून घेतात, पण मला तो सगळ्यांत आवडतो. तो गुंडाळून वर बांधलेल्या वेताच्या चटईचा दगडी पुतळा आहे. नाईलकाठच्या साध्या घरांना दाराऐवजी चटई लोंबत असायची. दिवसा ती गुंडाळून वर करायची. म्हणजे हे दार बंद नाहीच. चटई वर आहे, घरधनी आत आहे, या.

पुढे अनेक दारांना भोवती गोल काठ आणि माथ्यावर बाहेर झुकलेली कमानदार पट्टी आली. तीही दगडात उतरलेली कुडाची भिंतच: गोल काठ म्हणजे दोरीने आवळलेली बोरूंची जुडी, आणि वरची पट्टी म्हणजे भिंतीच्या माथ्यावर डोकावणारे, वाऱ्याने वाकलेले झावळ्यांचे शेंडे. गरिबाच्या झोपडीची प्रत्येक खूण वजिराच्या थडग्यात तुराच्या उंची दगडात जपलेली.

गुंडाळलेली चटई आणि तिच्या लगेच वरची आडवी पट्टी यांच्या वर एक चौकोनी फलक असतो. त्यावर मालक खुर्चीवर बसलेला आणि समोर एका खांबाच्या मेजावर पात्यांसारखं काहीतरी उभं रचलेलं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते गवत किंवा पिसं वाटतात. ते पाव आहेत, उभे कापून ओळीने लावलेले. दाराच्या मागची गोष्ट या एका चित्रात आली: माणूस जेवायला बसला आहे, आणि ते जेवण थांबता कामा नये.

या दाराची वंशावळ दोन बाजूंनी येते. इजिप्तच्या पहिल्या राजघराण्यांच्या काळात मेम्फिसजवळच्या सक्कारा या दफनभूमीतल्या मोठ्या मातीविटांच्या थडग्यांच्या भिंती कोनाडेच कोनाडे पाडून बांधलेल्या असत, राजवाड्याच्या भिंतीसारख्या. हळूहळू कोनाडे कमी झाले आणि थडग्याच्या बाहेरच्या पूर्व भिंतीवर दोनच उरले. दक्षिणेचा मोठा, तोच मुख्य. उत्तरेचा लहान, तो बहुधा पत्नीचा. तिसऱ्या घराण्यातल्या हेसीरे या अधिकाऱ्याने आपल्या थडग्यातल्या कोनाड्यांत कोरीव लाकडी फळ्या बसवल्या. त्या आज कैरोच्या संग्रहालयात आहेत आणि त्यांच्याइतकं देखणं लाकूडकाम त्या काळातलं दुसरं सापडणं कठीण. दुसरी बाजू जेवणाच्या मेजाच्या चित्राची. मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाच्या काळात गिझाला काही थडग्यांत फक्त असं चित्र असलेली शिळाच बसवत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली राजकन्या नेफेरतिआबेतची शिळा त्यातली, बिबळ्याचं कातडं ल्यालेली ती पावांपुढे बसली आहे आणि शेजारी जवसाच्या झाडाच्या धाग्याच्या, म्हणजे लिननच्या, कापडांची यादी आहे. कोनाडा आणि हे चित्र एकत्र आले आणि चौथ्या-पाचव्या घराण्यांत दाराचा ठरीव नमुना तयार झाला.

राजांनी दाराचा खेळ आणखी मोठ्या पटावर खेळला. तिसऱ्या घराण्यातल्या झोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडभोवती साडेदहा मीटर उंचीची तटबंदी आहे. तिला पंधरा दारं दिसतात. त्यातली चौदा दगडात कोरलेली, बंद, खरं एकच. पिरॅमिडच्या पोटात, जमिनीखाली, निळ्या चकचकीत छोट्या फरशांनी भिंती मढवल्या आहेत, लांबून वेताच्या चटया वाटाव्यात अशा. आणि त्या चटयांमध्ये खोट्या दारांच्या चौकटीत राजा धावताना कोरला आहे, राज्यकाळाच्या वर्धापनाच्या ‘हेब-सेद’ उत्सवातली त्याची ती धाव. तिथे दफनानंतर कुणी जाणार नव्हतं. ते फक्त राजाच्या वापरासाठी.

जिवंत माणसांवर विश्वास किती?

मला या दारांमधली खरी रंगत त्यांच्या लेखांत वाटते. सलग काही शतकांची दारं एकापुढे एक ठेवून वाचली तर एका माणसाची नव्हे, अख्ख्या वर्गाची काळजी वाढत गेलेली दिसते: आपल्या मागे खाऊ कोण घालणार?

पहिला उपाय साधा. दारापुढे जमिनीत एक सपाट दगड बसवायचा आणि त्यावर खरं अन्न ठेवायचं. या दगडाचा आकार बहुतेक वेळा ‘हेतेप’ या चित्राक्षराचा असतो, म्हणजे चटईवर ठेवलेला पाव. हेतेप या एकाच शब्दाचे अर्थ नैवेद्य आणि समाधान असे दोन्ही. मुलगा, विशेषतः थोरला, हे रोज करेल अशी अपेक्षा.

मुलं कंटाळतात. म्हणून दुसरा उपाय: जमीन लावून द्यायची. शेताच्या उत्पन्नावर ‘का’चा सेवक नेमायचा, त्याने नैवेद्य दाखवायचा आणि नंतर तो आपल्या घरी न्यायचा. देवाला दाखवलेलं ताट शेवटी कोण जेवतं हे आपल्याला माहीत आहे. इजिप्तमध्ये याची रीतसर साखळीच होती, देवळातून निघालेलं अन्न थडग्यांवर आणि तिथून पुरोहितांच्या चुलीवर. तेहना इथल्या निकाआंख नावाच्या पाचव्या घराण्यातल्या अधिकाऱ्याने तर थडग्याच्या भिंतीवर तक्ताच कोरला. कोणत्या मुलाने कोणत्या महिन्यात सेवा करायची आणि त्यापोटी त्याला किती जमीन. गुरवांच्या पाळ्या लावतात तशा पाळ्या, पण दगडात, म्हणजे भावाभावांत वाद झाला तर भिंतीकडे बोट दाखवता येईल.

जमीनही एक दिवस जाते, सेवक पळतो. तिसरा उपाय म्हणून अन्नाचं चित्र काढून ठेवलं, चौथा म्हणून त्याची यादी. दाराच्या पट्ट्यांवर एक ठरलेलं सूत्र पुन्हा पुन्हा येतं, त्याची सुरुवात ‘हेतेप दी नेसू’ अशी, म्हणजे ‘राजा देतो ते दान’. राजाने अनुबिस या मृतांच्या देवाला, पुढे ओसायरिसलाही, दान द्यावं आणि त्या देवाने त्यातून या मृताला वाटा द्यावा: हजार पाव, हजार घडे बीअर, हजार बैल, हजार पाखरं, शिवाय अलाबास्टर या मऊ, फिकट दगडाची भांडी आणि कापड. हजारासाठी कमळाचं पान आणि देठ काढतात, त्यामुळे यादी म्हणजे एक छोटं तळंच दिसतं. सगळं राजाच्या नावावर चालतं हेही लक्षात घ्या. मेल्यानंतरची भाकरीसुद्धा कागदोपत्री सरकारी कोठारातून यायची.

आणि शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त. ज्या नैवेद्याची मागणी या सूत्रात असते त्याचं नाव ‘पेरेत-खेरू’. शब्दशः अर्थ ‘आवाज बाहेर पडणं’. अन्न आणणं जमत नसेल तर नुसतं बोला. थडग्यापाशी ‘हे पृथ्वीवरच्या जिवंतांनो, इथून जाणाऱ्यांनो’ अशी हाक कोरलेली सापडते. पुढच्या काळातल्या लेखांत तर समजूतही घातलेली असते की यात तुमचं काही जात नाही, हा फक्त तोंडचा वारा आहे, पण मेलेल्याला त्याचा उपयोग होतो. दगडावरचं माझं नाव वाचा, हजार पाव हजार घडे म्हणा, आणि ते मला पोचतील. काहींनी गोडीगुलाबीबरोबर दमही दिला. आस्वानजवळ पुरलेला हारखुफ हा मोहिमांचा सरदार लिहून गेला की अशुद्ध अवस्थेत जो माझ्या थडग्यात शिरेल त्याची मान मी पाखरासारखी धरीन.

मुलापासून वाटसरूपर्यंतची ही घसरण मला फार बोलकी वाटते. अमरत्वावर यांचा विश्वास पक्का होता. ज्यांच्यावर नव्हता ते आपले वारस.

या घायकुतीला दगडात सर्वांत उघड रूप दिलं ते गिझाच्या इदूने. सहाव्या घराण्यातल्या या अधिकाऱ्याच्या खोट्या दाराच्या तळाशी, जिथे खाच संपते तिथे, तो स्वतः जमिनीतून कमरेपर्यंत वर आला आहे. दोन्ही हात पुढे, तळवे वर. त्या हातांवर आणि समोरच्या दगडावर पाव ठेवायचा. १९२५ साली अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइस्नर यांच्या तुकडीला हे थडगं सापडलं. फोटो मिळाला तर जरूर पाहा; चेहऱ्यावर याचना अजिबात नाही, वाढप्याला बोलावणाऱ्या यजमानाचा तोरा आहे.

मेरेरुकाने वेगळी तऱ्हा केली. तो तेती राजाचा वजीर आणि जावई. सक्काऱ्यातल्या त्याच्या मस्तब्यात तीसहून अधिक खोल्या आहेत, त्यात बायकोचा आणि मुलाचा स्वतंत्र हिस्सा. त्याच्या खांबांच्या दालनात कोनाड्यातून त्याचा पूर्णाकृती पुतळा एक पाऊल पुढे टाकून बाहेर पडतो आहे, समोर खाली उतरायला पायऱ्या. शिकार, मासेमारी, सोनारकाम, करबुडव्यांना चोप असं सगळं आयुष्य भिंतींवर चालू असताना मालक त्या गर्दीत उतरायच्या बेतात उभा आहे.

दारावरची पाटी

पाचव्या घराण्यापर्यंत दाराच्या शाखांवर जागा वाढली आणि लोक त्यावर स्वतःबद्दल लिहू लागले. इतिहासाचं त्यामुळे फार भलं झालं. मेम्फिसचा प्रमुख पुरोहित प्ताहशेप्सेस याचं दार आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर तो सांगतो, मी मेनकाउरे राजाच्या काळात जन्मलो, राजवाड्यात राजपुत्रांबरोबर शिकलो, राजाने थोरली मुलगी खामाअत मला दिली, आणि एका राजाने तर मला जमिनीचं चुंबन घेऊ न देता आपल्या पायाचं चुंबन घेऊ दिलं. बढाई सोडून द्या. मेनकाउरेपासून निउसेर्रेपर्यंत एका माणसाच्या आयुष्यात राजे कोणत्या क्रमाने आले आणि हा काळ एका माणसाच्या हयातीत मावत होता, हे त्यामुळे कळतं. राज्यवर्षांच्या त्रुटित नोंदी जुळवत बसलेल्या अभ्यासकाला असा साक्षीदार म्हणजे पर्वणी.

वैद्यांची दारंही वाचण्यासारखी. गिझाला सापडलेल्या इरेनआख्तीच्या दारावर तो राजवाड्याचा वैद्य, डोळ्यांचा वैद्य, पोटाचा वैद्य आहे आणि शिवाय ‘गुदद्वाराचा राखणदार’ही. हसू आलं तरी मुद्दा गंभीर आहे: साडेचार-चार हजार वर्षांपूर्वी वैद्यकात अवयवांनुसार विभागणी होती. गिझालाच इजिप्शियन पुरातत्त्वज्ञ सेलिम हसन यांना आख्तहोतेप याच्या थडग्यात पेसेशेत नावाच्या बाईचं दार मिळालं. तिच्या हुद्द्यांतला एक ‘स्त्री-वैद्यांची प्रमुख’ असा वाचला जातो. ती प्रमुख, म्हणजे तिच्या हाताखाली इतर होत्या. ते दार नसतं तर आज पेसेशेतचं नावही उरलं नसतं.

जिथे नावाला एवढी किंमत, तिथे शिक्षाही नावालाच. तेती राजाच्या पिरॅमिडशेजारच्या काही अधिकाऱ्यांच्या थडग्यांत नावं छिन्नीने खरवडलेली आहेत, आकृत्यांचे चेहरे आणि पाय फोडलेले आहेत. मानेथो या इजिप्शियन पुरोहिताने खूप नंतर, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, लिहून ठेवलं की तेतीचा खून त्याच्याच अंगरक्षकांनी केला. पुरातत्त्वज्ञ नगीब कनावती यांनी ही खरवडलेली थडगी त्या कटाशी जोडून पाहिली आहेत. वजीर हेझी हा त्यातला एक. एरवी वाळूच्या वादळांनी, चोरांनी, चुनाभट्टीवाल्यांनी दारं फोडली. इथे मात्र छिन्नी मोजून मारली आहे. नाव नाही, तोंड नाही, मग पाव कुणाच्या पत्त्यावर जाणार?

कधी पत्ता नुसता बदललेलाही असतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये राएमकाई या राजपुत्राची पूजेची खोली आहे. ती मुळात नेफेरिरेतेनेस नावाच्या अधिकाऱ्यासाठी केलेली. त्याची नावं, हुद्दे काढून तिथे राजपुत्राची घातली. भाडेकरू गेला, पाटी बदलली. मूळ मालकाच्या का-चं पुढे काय झालं असेल याचा विचार तेव्हा कुणी केला का, माहीत नाही, पण मला तो प्रत्येक वेळी येतो.

दगडाची किंमत

दार कशाचं आहे यावरून माणसाची पत कळायची. वैद्यबुवांना तुराचा दगड राजाकडून मिळवावा लागला. पुढे सहाव्या घराण्यात वेनी या सेनानीनेही पेपी राजाकडे हेच मागितलं: तुराची दगडी शवपेटी, दार, चौकटीचे भाग आणि पाणी सोडायचा दगड. राजाने खजिनदाराला नाविकांसह पाठवून ते बोटीतून आणवलं, आणि असं भाग्य दुसऱ्या कुणाला लाभलं नाही असं वेनीने अर्थातच लिहून ठेवलं. याच वेनीला पुढच्या राजाने दक्षिणेला एलिफंटाइनला धाडलं, आपल्या पिरॅमिडसाठी ग्रॅनाइटचं दार आणायला. चुनखडी छिन्नीला पटकन वश होते. त्यांच्याकडे अवजारं तांब्याची. ग्रॅनाइट त्यांना दगडाच्या गोट्यांनी ठेचत आणि वाळूने घासत आकाराला आणावा लागे, वर नाईलमधून शेकडो मैल वाहतूक. म्हणून ग्रॅनाइट हे राजाचं काम.

ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांनी सोपी युक्ती काढली. चुनखडीच्या दारावर लाल रंग, त्यावर काळे ठिपके: झालं ग्रॅनाइट. खोट्या दाराचा खोटा दगड! थीब्जमधल्या नख्तच्या थडग्यात, हजारएक वर्षांनंतरही, भिंतीवर असंच ग्रॅनाइट रंगवलेलं दिसतं. आणि का-च्या दृष्टीने त्यात काही कमी नव्हतं. जिथे पावाचं चित्र पोट भरतं तिथे ग्रॅनाइटचं चित्र दार का होणार नाही?

या पार्श्वभूमीवर एप्रिल २०२५ मध्ये सक्काऱ्याहून आलेली बातमी वाचली म्हणजे तिचं वजन कळतं. उसेरकाफ राजाचा मुलगा उसेरेफ्रे याच्या थडग्यात अस्सल गुलाबी ग्रॅनाइटचं खोटं दार सापडलं, साडेचार मीटर उंच. उसेरकाफ हा साहुरेच्या आधीचा राजा, म्हणजे आपले वैद्यबुवा आणि हा राजपुत्र जवळजवळ एकाच काळातले. एकाला दोन चुनखडीची दारं मिळाली म्हणून तो धन्य झाला. दुसऱ्याकडे जवळजवळ दीड मजला उंचीचं, तेही ग्रॅनाइटचं.

जुनं राज्य कोसळल्यावर दारांचा बहर ओसरला. प्रांतोप्रांती लहान शिळा आल्या, दार आकसून शवपेटीवर गेलं. त्यानंतरच्या, मध्य राज्य म्हणतात त्या काळातल्या लाकडी पेटीत प्रेत डाव्या कुशीवर, तोंड पूर्वेला, असं ठेवत आणि बरोबर तोंडासमोर पेटीच्या बाहेरच्या बाजूला दार आणि त्यावर दोन डोळे रंगवत. पूर्वी आपण दारापाशी उभे राहून आत बघत होतो, आता आतला माणूस बाहेर बघू लागला. त्याही पुढच्या नव्या राज्याच्या काळात एखाद्या वजिराने जुन्या थाटाचं दार पुन्हा केलंही. हॅटशेपसुट राणीचा वजीर उसेर याचं तांबड्या ग्रॅनाइटचं, पावणेदोन मीटर उंचीचं दार २०१० मध्ये कर्नाकच्या देवळाजवळ मिळालं, पण थडग्यात नव्हे. रोमन काळातल्या कुणा गवंड्याने ते उचलून आपल्या भिंतीत चिणलं होतं. चांगला चौकोनी दगड होता.

देवळांत मात्र खोटं दार टिकलं, कारण देवांनाही ये-जा करावी लागते. अबिडोसला सेती राजाचं देऊळ आहे, इसवी सनापूर्वी १२९० च्या सुमाराचं. त्यात सात गाभारे शेजारी शेजारी: प्ताह, रे-होराख्ती, अमुन, ओसायरिस, इसिस, होरस आणि स्वतः सेती. भिंतींवरचे रंग अजून शाबूत आहेत. एकेका गाभाऱ्यात शिरून मागच्या भिंतीपर्यंत चालत गेलं की समोर दगडी खोटं दार येतं आणि तिथून परत फिरावं लागतं. सहा गाभाऱ्यांत हेच. ओसायरिसच्या गाभाऱ्यात मागची भिंत उघडी आहे. तिथे खरं दार आहे, आणि त्यातून पलीकडे ओसायरिसच्या खोल्यांत चालत जाता येतं.